वीस प्रश्न झाले, पुढचं कोण विचारणार?

हे मेसेज बहुधा रात्री अकरानंतर येतात. मूल झोपलेलं असतं, भांडी आवरून झालेली असतात आणि आई दिवा बंद करून मोबाईल घेऊन बसलेली असते. 'ताई, जाग्या आहात का?' एवढं लिहून खाली मोबाईलवर भरलेल्या चाचणीचा स्क्रीनशॉट. लाल पट्टी, पट्टीत आकडा आणि इंग्रजीत एक ओळ, की तुमच्या मुलात ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शक्यता जास्त दिसते. कधी पट्टी हिरवी असते. मग सोबत हात जोडलेला इमोजी येतो, पण शेवटचा प्रश्न दोन्हीकडे तोच: 'हे खरं असतं का हो?'

परळच्या एका बालवाडीत मी बरीच वर्षं शिकवतेय. सकाळी दीड-दोन वर्षांच्या पोरांचा खेळगट, नंतर शिशुवर्ग. मी डॉक्टर नाही की थेरपिस्ट नाही. पण मूल रोज माझ्या डोळ्यांसमोर असतं, आणि रात्री अकराला डॉक्टर कुठला सापडायला! म्हणून मग ताई.

या चाचण्यांमधले प्रश्न वाईट नसतात, हे आधीच सांगून टाकते. फार विचार करून, हजारो मुलं तपासून ते ठरवलेले आहेत. घोळ होतो तो प्रश्न संपल्यावर. मोबाईलपर्यंत पोचेतो चाचणीतला निम्मा भाग वाटेत गळून गेलेला असतो, आणि गळतो तोच कामाचा असतो: समोर बसून 'म्हणजे नेमकं काय करतो तो, सांगा बरं' असं विचारणारं माणूस.

ते माणूस सुरुवातीला होतं. १९९२ साली ब्रिटनमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'चॅट' ही चाचणी मांडली, साधारण दीड वर्षाच्या मुलांसाठी. तिचे दोन भाग होते. पहिल्यात पालकांना नऊ प्रश्न. दुसऱ्यात डॉक्टर किंवा घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका स्वतः मुलासोबत पाच गोष्टी करून बघायची. खेळण्यातली किटली आणि कप पुढे ठेवून म्हणायचं, 'चहा करतोस का?' मूल खोटाखोटा चहा ओततं का, पितं का, ते बघायचं. 'दिवा कुठाय?' विचारायचं आणि बोट दाखवतं का, नुसतं बोट नाही तर बोट दाखवताना विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं का, ते टिपायचं.

अमेरिकेत घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेची तशी पद्धत नाही. तिथे डायना रॉबिन्स, डेबोरा फाइन आणि मरियान बार्टन यांनी २००१ मध्ये जी आवृत्ती काढली ती पूर्णपणे पालकांच्या उत्तरांवर चालणारी, २३ प्रश्नांची. हीच 'एम-चॅट'. कागदावर माणूस लागत नव्हतं, पण उगाच घाबरवलेल्या आईबापांची संख्या फार व्हायला लागली. तेव्हा चाचणीला एक पुरवणी मुलाखत जोडली गेली. २०१४ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली, २० प्रश्नांची, १६ ते ३० महिने वयासाठी. २ पर्यंत गुण आले तर धोका कमी. ३ ते ७ आले तर पुरवणी मुलाखत घ्यायची, तिच्याशिवाय काही ठरवायचं नाही. ८ किंवा जास्त आले तर मुलाखतीत वेळ न घालवता थेट तपासणीला पाठवायचं. म्हणजे काढलेलं माणूस दुसऱ्या दाराने परत आत घेतलं. इंटरनेटवरच्या बऱ्याच पानांनी त्याला पुन्हा बाहेर काढलंय. वीस वेळा हो-नाही दाबलं की पट्टी येते आणि काम संपतं.

पुरवणी मुलाखतीने काय फरक पडतो ते मी आमच्या दारात, चपलांच्या ढिगापाशी उभी राहून पाहिलंय.

दहावा प्रश्न घ्या. नावाने हाक मारल्यावर मूल प्रतिसाद देतं का? खेळगटातल्या एका आईने 'नाही' दाबलं होतं. सकाळी पोराला सोडायला आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणून हाक मारता? तर आजी 'सोन्या' म्हणते, आजोबा 'शेठ' म्हणतात, बाबा 'पिल्लू'. जन्मदाखल्यावरचं नाव लसीच्या कार्डावर सोडून कुठेच वापरात नाही. चाचणी भरताना आईने नेमकं तेच दाखल्यावरचं नाव घेऊन हाका मारल्या होत्या, तेही मूल टीव्हीपुढे असताना. मी म्हटलं, आता 'सोन्या' म्हणा. तिने दारातून म्हटलं मात्र, पठ्ठ्याने हातातली चप्पल टाकून मान वळवली.

लगेच हुश्श करू नका. याच प्रश्नाला दुसऱ्या एका आईने ठासून 'हो' दिलं होतं. 'हाक मारली की बघतो ताई, न बघायला काय झालं?' मी म्हटलं, मारून दाखवा. ती उठली, त्याच्या पुढ्यात जाऊन बसली, खांदा धरला, हनुवटी आपल्याकडे वळवली आणि मग नाव घेतलं. हे ती रोज इतक्या वेळा करत असणार की आपण काही वेगळं करतोय हे तिच्या ध्यानातच नव्हतं. एम-चॅटच्या मुलाखतीत हे अगदी स्पष्ट विचारलेलं आहे: मूल वर बघतं का, हातातलं थांबवतं का, काही आवाज काढतं का? की अगदी तोंडासमोर गेल्यावरच, अंगाला हात लावल्यावरच बघतं? दुसऱ्या प्रकारचा 'हो' तिथे 'हो' म्हणून धरत नाहीत. मोबाईलला दोन्ही 'हो' सारखेच.

काही प्रश्न तर मुंबईत विचारायचे म्हणजे कठीणच आहेत. चौथा प्रश्न, मुलाला चढायला आवडतं का? उदाहरणं दिलीत फर्निचर, बागेतली खेळणी, जिना. दहा बाय बाराच्या खोलीत चढण्याजोगी एकच वस्तू, कपाट, आणि त्यावर चढलं की धपाटा ठरलेला. बारावा प्रश्न, रोजच्या आवाजांनी मूल अस्वस्थ होतं का? उदाहरणाला व्हॅक्यूम क्लीनर आणि मोठ्याने लावलेलं संगीत. लालबागमध्ये राहणाऱ्यांनी गणपतीच्या दिवसांत या प्रश्नाच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत मीसुद्धा कान झाकूनच रस्ता ओलांडते. मुलाखत घेणारा इथेही पुढचं विचारतो. शांतपणे कान झाकतो, 'नको' म्हणतो, की किंचाळत, रडत, घाबराघुबरा होऊन झाकतो? पहिल्याची चिंता नाही. एकटा प्रश्न कुणाचं काही बिघडवत नाही म्हणा, पण असे तीन जमले की पट्टीचा रंग बदलतो.

उत्तर कोण देतंय यावरही बरंच असतं. एका जोडप्याने एकाच रात्री, एकाच पोरासाठी, आपापल्या मोबाईलवर तीच चाचणी वेगवेगळी भरली. आईचे गुण ९, बाबांचे २. सकाळी दोघंही माझ्यापुढे. बाबांचं म्हणणं, ही दिवसभर रील बघून घाबरते. आईचं म्हणणं, सकाळी आठची लोकल पकडून रात्री नऊला येणाऱ्या माणसाला काय दिसणार! मुलं खेळात रमली होती, तेवढ्या वेळात आम्ही एकेक प्रश्न काढला. 'हवी ती वस्तू बोटाने दाखवून मागतो का?' बाबांनी 'हो' दिलेलं. कशी मागतो? 'माझा हात धरून फ्रिजकडे ओढत नेतो आणि माझाच हात दरवाज्यावर ठेवतो.' आता हे बोट दाखवणं नव्हे. डॉक्टर मंडळी या सवयीकडे बारकाईने बघतात. उलट आईने 'इतर मुलांमध्ये रस घेतो का' याला 'नाही' दिलेलं, कारण त्यांच्या मजल्यावर दुसरं मूलच नाही. आमच्या खेळगटात तो सवंगड्यांच्या मागेमागे असतो, त्यांची नक्कल करतो, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. नऊ गुणही चुकीचे होते आणि दोनही. तासाभराच्या बोलण्यातून जे हाती आलं त्याला आकडा नव्हता, पण डॉक्टरांना सांगण्यासारख्या चार ठोस गोष्टी होत्या.

आता थोडा हिशेब. गणिताचा कंटाळा असेल त्यांनीही वाचावा, कारण सगळी मेख इथेच आहे. समजा हजार मुलं आहेत आणि सोपं जावं म्हणून शंभरात एकाला ऑटिझम आहे असं धरू. म्हणजे दहा मुलं. चाचणी चांगली आहे असंही धरू: दहातल्या आठांना ती बरोबर पकडते आणि ऑटिझम नसलेल्या शंभर मुलांतल्या फक्त पाचांवर चुकून लाल पट्टी दाखवते. ऐकायला उत्तम. पण उरलेली मुलं ९९० आहेत, आणि त्यांच्यातली शंभरी पाच म्हणजे जवळजवळ पन्नास. एकूण लाल पट्ट्या अठ्ठावन्न, त्यातल्या खऱ्या आठ. लाल पट्टी मिळालेल्या दर सात घरांपैकी सहा घरांत ऑटिझम नाही. आणि त्या दहातल्या सुटलेल्या दोघांच्या आईबापांना हिरवी पट्टी दाखवून निर्धास्त झोपवलेलं आहे.

सीएसएमटीला आत शिरताना त्या मेटल डिटेक्टरच्या चौकटी आहेत ना, किल्ल्या असोत की डबा, सगळ्यांना बघून पीं करणाऱ्या? त्या पीं ला अर्थ येतो तो बाजूला हातातलं यंत्र घेऊन उभ्या असलेल्या पोलिसामुळे. तो खुर्चीवरून उठलाच नाही तर चौकट नुसती वाजत राहते.

हा माझा हिशेब काल्पनिक, पण खरे आकडे फार लांब नाहीत. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या बालरुग्णालयाच्या दवाखान्यांमध्ये २५,९९९ मुलांची माहिती तपासली गेली, तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं चार ते आठ वर्षांची झाल्यावर मागे वळून बघितलं, तर चाचणीत धोका दाखवलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के मुलांनाच ऑटिझमचं निदान झालं होतं. आणि ज्यांना पुढे निदान झालं त्यांच्यातली जेमतेम ३९ टक्के मुलं चाचणीने आधी पकडली होती. म्हणजे दहातली सहा हिरव्या पट्टीतून निघून गेली होती. रोजच्या दवाखान्याच्या धबडग्यात पुरवणी मुलाखत बऱ्याच जणांची झालीच नव्हती. तरीही चाचणी फुकट गेली असं नाही. धोका दाखवलेल्या मुलांना निदान लवकर मिळालं.

याच्या शेजारी २०१४ चा अभ्यास ठेवून बघा. सुधारित एम-चॅट करणाऱ्यांनी स्वतः केलेला, सोळा हजारांवर मुलांचा, मुलाखतीसकट. प्रश्नावली आणि मुलाखत दोन्हींत धोका दिसलेल्या मुलांपैकी ४७.५ टक्क्यांना ऑटिझम निघाला. आणि ९४.६ टक्के मुलांमध्ये विकासाची काही ना काही अडचण होती: भाषा उशिरा येणं, एकूण वाढ मागे असणं वगैरे. माझ्या मते हा दुसरा आकडा प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावा. लाल पट्टी ऑटिझमबद्दल चुकू शकते, पण नीट विचारपूस करूनही ती लालच राहिली तर त्या मुलाला कशाची तरी गरज असते, हे जवळजवळ नक्की.

म्हणून लाल पट्टीवाल्यांना मी 'काही नसेल हो, याचे बाबाही उशिराच बोलले' असं म्हणत नाही. ते म्हणायला घरात आजी असते, आत्या असते, शेजारच्या काकू असतात. मी आधी कान तपासून घ्या म्हणते. एम-चॅटचा दुसरा प्रश्नच तो आहे, मूल बहिरं तर नाही ना असं तुमच्या मनात कधी आलंय का, आणि न बोलणाऱ्या मुलाच्या कानांची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, श्रवण आणि वाचादोषांसाठीची राष्ट्रीय संस्था. टाळी वाजवल्यावर वळतो म्हणून ऐकू येतं असं धरू नका. बेरा नावाची तपासणी असते, मूल झोपलेलं असताना कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते त्यात कळतं.

कान ठीक निघाले तर बालविकासतज्ज्ञ. मुंबईत आपण या बाबतीत तसे नशीबवान. परळचं वाडिया बालरुग्णालय आहे, सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, आणि डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं 'उमीद' हे बालविकास केंद्र आहे. नंबर लागायला वेळ लागतो हे खरं. तारीख मिळेपर्यंत घरी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. मूल बोलत नसेल तर स्पीच थेरपी सुरू करायला ऑटिझमचा कागद लागत नाही. एमआरआय किंवा रक्त तपासून ऑटिझमचं निदान होत नाही; मुलासोबत वेळ घालवून, खेळून, आईबापांशी खोलात बोलून ते केलं जातं. ज्या कामाला जाणकार डॉक्टरांनाही इतका वेळ लागतो ते काम चार मिनिटांत करून देतो असं कुणी म्हटलं तर त्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघावं.

तो हात बहुधा खिशात असतो, तुमच्या. एका आईला निकाल बघण्याआधी मोबाईल नंबर टाकायला सांगितलं. तिने टाकला. निकाल लाल आला, हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला फोन: आमच्याकडे सहा महिन्यांचं पॅकेज आहे, आज पैसे भरले तर सवलत. त्यानंतर वेगवेगळ्या नंबरांवरून. कुणी 'पूर्ण बरा करून देतो' म्हणालं, कुणी स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराचं, नाव घेतलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं म्हटलंय. पण घाबरलेल्या माणसाला आयोगाचा कागद कोण दाखवणार? आधी लाल पट्टी दाखवायची आणि मग औषध विकायचं, हा धंदा नवा नाही, फक्त दुकान खिशात आलंय.

आणखी एक गैरसमज. या चाचणीचा कागद शाळेत किंवा सरकारी कामात दाखवता येईल असं काहींना वाटतं. येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे त्यात ऑटिझम आहे, पण त्याचं प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयातूनच मिळतं. तिथे 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण, म्हणजे कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २००. सत्तरपासून पुढे ऑटिझम धरतात. ही मोजपट्टीही कुणी इंटरनेटवरून उतरवून घरी भरतं. भरू नये. 'एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो' याला दोन द्यायचे की चार, हे ठरवायला शंभर मुलं पाहिलेली नजर लागते. आईने आपलं एकच पाहिलेलं असतं.

मोठ्यांच्या चाचण्यांचं काय, असं हल्ली बाबालोक विचारतात. पोराची चाचणी भरता भरता स्वतःची भरतात. केंब्रिजमध्ये २००१ साली तयार झालेली पन्नास प्रश्नांची एक्यू चाचणी, गाड्यांच्या नंबरप्लेट तुमच्या लक्षात येतात का, तारखांचं वेड आहे का वगैरे. मूळ अभ्यासात ऑटिझमचं निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांना ३२ किंवा जास्त गुण होते आणि इतरांपैकी फक्त २ टक्क्यांना. तरीही करणाऱ्यांनी ती निदानासाठी नाही असंच सांगितलंय. पश्चिम रेल्वेचं जलद-धिमं सगळं वेळापत्रक पाठ असलेले निदान चार बाबा मी सांगू शकते. मोठ्या माणसाला स्वतःबद्दल काही उमगलं तर चांगलंच आहे, त्याचं नुकसान लहान मुलाएवढं होत नाही. पुढे जाऊ.

गंमत अशी की, ब्रिटनच्या त्या घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेसारखं माणूस आपल्याकडे आहे. अंगणवाडी सेविका आहे, महापालिकेच्या आरोग्यसेविका आहेत. १६ ते २४ महिन्यांत ट्रिपलचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो, म्हणजे एम-चॅटच्या नेमक्या वयात मूल एकदा तरी दवाखान्याच्या रांगेत उभं असतं. माता-बाल संरक्षण कार्डावर कुठल्या महिन्यात मुलाने काय करायला हवं ते चित्रांसकट छापलेलं आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातल्या अडचणी शोधणं हे कामच ठरलेलं आहे. आमच्या भागातल्या आयाबायांना मात्र त्या कार्डावरचा लसींचा रकाना तेवढा माहीत. इंजेक्शन टोचायच्या आधी नर्सने 'बोट दाखवून काही दाखवतो का गं तुला?' एवढं विचारलं आणि उत्तर ऐकायला अर्धा मिनिट थांबली, तर माझा रात्री अकराचा फोन कितीतरी कमी वाजेल. नर्सपुढे तीस मुलांची रांग असते, हेही मला दिसतं.

पण मला खरी भीती वाटते ती हिरव्या पट्टीची. लाल पट्टीवाले निदान धावपळ तरी करतात. हिरवी पट्टी मिळाली की घरातला सगळा संशय मिटतो. संशय घेणारी बहुधा आईच असते, आणि मग तिलाच 'बघ, उगाच डोकं खात होतीस' असं ऐकावं लागतं. बरं, पट्टी हिरवी का आली हे कुणी बघत नाही. मूल चार वर्षांचं असतं आणि चाचणी तीस महिन्यांपर्यंतची. चार वर्षांचं मूल बोट दाखवणारच, नावाला ओ देणारच. काही पानांवर तर वय विचारतही नाहीत.

त्यातून मुलगी असली तर आणखी अवघड. ऑटिझमचं निदान मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा तिपटीहून जास्त होतं. त्यात खरा फरक किती आणि मुलींकडे नीट न बघणं किती, यावर जाणकारांमध्ये वाद आहे. आमच्या वर्गात मुलगा कोपऱ्यात एकटा बसला तर दुसऱ्या आठवड्यात त्याच्याबद्दल बोललं जातं. मुलगी बसली तर 'किती शहाणी आहे, काही त्रास नाही' म्हणून तिचं कौतुक होतं. मीही ते शेरे ऐकत आलेय, पालकसभेत, दर वर्षी.

यंदा शिशुवर्गात अशी एक आहे. साडेचार वर्षांची, वाक्यं स्वच्छ, अक्षरओळख सगळ्यांच्या पुढे. आईने तिची चाचणी भरली होती, गुण १, हिरवी पट्टी. तिचं समाधान झालं होतं, माझं होत नव्हतं. ही मुलगी भातुकलीत बसते, पण रोज तोच स्वयंपाक त्याच क्रमाने करते; कुणी मध्येच 'पाहुणे आले' म्हटलं की सगळं पहिल्यापासून. दुसरं मूल रडायला लागलं की त्याच्याकडे न बघता आपला डबा उचलून लांब जाऊन बसते. मी गोष्ट सांगताना ऐकते नीट, पण 'मग ससोबाला काय वाटलं असेल?' या प्रश्नाला 'ससा पांढरा असतो' असं उत्तर देते. मला ऑटिझम वाटतो असं मी म्हणाले नाही, म्हणायचा मला अधिकारही नाही. मी एवढंच म्हटलं की चाचणी तिच्या वयाची नव्हती, तेव्हा तो गुण बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवून घ्या.

आई आधी चिडली. स्वाभाविक आहे. चार दिवस मुलीला सोडायला आजी येत होती. मग एका दुपारी आई स्वतः आली, वही घेऊन. डॉक्टरांची तारीख घेतलीय, काय काय सांगू ते लिहून द्या म्हणाली. मी माझं सांगत गेले, ती लिहीत गेली. मोबाईलवर एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ घ्या म्हटलं, पाहुणे घरी आलेले असताना, जेवताना, एकटी खेळताना. मुद्दाम काही करायला लावू नका. तेही लिहिलं. कितव्या महिन्यात पहिला शब्द, कितव्या महिन्यात चालली, घरात कुणाला काही, आधीची कागदपत्रं.

लिहून झालं तरी ती उठेना. पेन बंद करून पुन्हा उघडलं. म्हणाली, 'ताई, एक वेगळंच आहे, पण ते कुठल्या प्रश्नात नव्हतं. ही पडली, लागलं, तर मला येऊन सांगत नाही. रडतसुद्धा नाही. रात्री आंघोळ घालताना मला गुडघा दिसतो, तेव्हा कळतं.'

मी म्हटलं, 'हे सगळ्यात वर लिहा.'